गोधडीतले नऊ हजार टाके

बँकेत सदतीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड जडते. समोर काहीही आले, तरी ते जमेच्या बाजूला लिहायचे की नावे टाकायचे, हा प्रश्न आधी मनात उभा राहतो. निवृत्तीनंतर ही खोड सुटेल असे वाटले होते. ती सुटली नाही, आणि या उन्हाळ्यात तिच्यामुळेच मला स्वतःची लाज वाटली. घरच्या आणि दुकानाच्या हिशेबांविषयी या सदरात मी आजवर बरेच उपदेश केले आहेत. तेव्हा स्वतःच्या वहीतली ही नोंद वाचकांपासून दडवणे बरे नव्हे.

आमच्या वसईत, अंबाडी रोडच्या बाजूला, दर बुधवारी दुपारी आम्ही सातजणी जमतो. दोन कच्छी, तीन मारवाडी, एक पालनपुरी आणि सांगलीकडची मी. सुरुवात पाठशाळेतल्या मुलांसाठी कटासणांच्या पिशव्या शिवण्यापासून झाली. पुढे कोणाच्या सुनेला दिवस गेले म्हणून दुपटी, कुंच्या आणि झबली आली, आणि दुपट्यांवरून आम्ही गोधडीवर कधी येऊन पोचलो ते कळलेही नाही. नावावरून मात्र पहिल्याच दिवशी वाद झाला. आमच्याकडे तिला वाकळ म्हणत. कच्छी बेनची ती गोदडी, मारवाडी भाभींची गुदडी, आणि माझ्या आजोळी सीमेपलीकडे तीच कौदी. नावे चार, पण प्रत्येकीच्या आठवणीत चित्र एकच निघाले: दुपारची वेळ, ओसरीवर पसरलेली जुनी लुगडी आणि चार बाजूंनी बसलेल्या चार बायका.

गोधडीचे तंत्र सोपे आहे, असे न शिवणाऱ्याला वाटते. जुने सुती कापड आधी धुऊन त्यातली खळ काढून टाकायची. आत धोतरे आणि जुन्या चादरी, वर आणि खाली साडी, असे तीन-चार थर जमिनीवर पसरायचे आणि कोपऱ्यांवर वजने ठेवायची. मग मध्यापासून कडेकडे मोठे कच्चे टाके घालत जायचे, म्हणजे आतल्या थरांत झोळ राहत नाही. खरी शिलाई त्यानंतरची. ती उलट्या दिशेने, कडेपासून मध्याकडे, चौकोनात चौकोन काढत जाते. टाका साधा धावदोरा. दुसरे काही नाही. नक्षी वेगळी काढावी लागत नाही. टाके सारखे पडले की कापड दोन ओळींच्या मध्ये किंचित फुगते आणि उजेड तिरपा पडला की पाण्यावरच्या लहरींसारखे दिसते.

या साध्या वस्तूकडे जाणकारांचे लक्ष अलीकडे गेले आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते २०१३ साली फ्रान्समधून निघाले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या गोधड्याही आता प्रदर्शनांत दिसतात. त्या कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची छोटी ‘फुले’ लावतात आणि फूल नसेल तर गोधडी उघडी राहिली असे मानतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीत गरीब कृष्णवर्णीय बायकांनी फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. भिंतीवर टांगलेली गोधडी पाहून मला मात्र थोडे चुकल्यासारखे वाटते. ती अंगावर घ्यायची वस्तू आहे.

आपल्या समाजातली कितीतरी घरे कापडाच्या व्यापारावर उभी आहेत. त्यामुळे आमच्या मंडळाला कापडाची वाण कधीच पडली नाही. तागे संपताना उरलेले तुकडे, नमुन्यांचे चौकोन, वालीव-सातिवलीकडच्या गाळ्यांतून किलोवर विकली जाणारी चिंधी, सारे आपसूक येऊन पडे. पण यातले बहुतेक कृत्रिम धाग्याचे. त्यावर सुई घसरते, घाम टिपला जात नाही आणि पाच धुण्यांनंतरही ते मऊ होत नाही. आजीच्या वाकळीचा मऊपणा वीस वर्षे अंगावर वापरलेल्या सुती लुगड्याचा होता. तो कोणत्याही बाजारात मिळत नाही. एका भाभींनी लग्नातले रेशमी शालू आणले, तेव्हा अर्धी दुपार चर्चेत गेली. रेशमासाठी कोशातला जीव वाफेने किंवा उकळत्या पाण्यात मारला जातो, हे लहानपणापासून ऐकलेले. मग घरात आधीच असलेले रेशीम वापरावे की टाकावे? निर्णय शेवटी कापडानेच दिला. जुने रेशीम घडीवर चिरते. त्याच्या गोधडीला दोन वर्षांचेही आयुष्य नाही. शालू परत कपाटात गेले.

सुयांविषयी आमचा एक नियम आहे. उठण्यापूर्वी सुया मोजायच्या, जशी मी संध्याकाळी रोकड मोजत असे. थरांत राहिलेली सुई पुढे कोणाच्या तरी अंगात जाते. आचारांगसूत्रात गृहस्थाकडून मागून आणलेल्या सुईविषयी साधूंना जो नियम घालून दिला आहे, तो मी मंडळात वाचून दाखवला होता. ती सुई दुसऱ्याला वापरायला द्यायची नाही. काम झाले की ज्याची त्याला परत करायची, आणि तीही हातातून हातात नव्हे, तर तळहातावर किंवा जमिनीवर ठेवून. सुईएवढ्या वस्तूचा एवढा विचार करणाऱ्या परंपरेत आपण वाढलो, याचा त्या दिवशी मला अभिमान वाटला होता. पुढे जे घडले त्यामुळे तो अभिमान माझ्या लक्षात राहिला.

गेल्या दिवाळीनंतर मुंबईतल्या एका दुकानदाराने आमच्यातल्या एकीच्या घरी गोधडी पाहिली आणि चाळीस नगांची मागणी नोंदवली. दर नगाला ९०० रुपये. आम्ही हरखून गेलो. पण सातजणींच्या गुडघ्यांना आणि डोळ्यांना चाळीस गोधड्या झेपणार नव्हत्या. कापड निवडणे, जुळवणे, कच्चे टाके घालणे आम्ही करावे आणि धावदोऱ्यासाठी कोणीतरी पाहावे, असे ठरले.

एका भाभींच्या ओळखीने नालासोपाऱ्याहून एक मावशी आणि त्यांची सून आल्या. मावशी मूळच्या साताऱ्याकडच्या, माण तालुक्यातल्या. यजमान परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर परळची खोली गेली आणि बिऱ्हाड नालासोपाऱ्यात आले. इकडच्या किती घरांची ही कथा आहे! सासू-सुना घरी बसून तयार कपड्यांचे लोंबते धागे कापण्याचे काम करीत. पहिल्या बुधवारी मावशींनी माझ्या गोधडीवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाल्या, “मॅडम, दोरा लई घट वडलाय. धुतल्यावर आकसंल ही.” मी विनयाने मान हलवली, मनातून मात्र पटले नव्हते. धुतल्यावर ती गोधडी चारी बाजूंनी बोटभर आखडली. त्यानंतर मी त्यांच्या शेजारी बसून टाका पुन्हा शिकले. टोक बोटाला लागताच सुई उलटी फिरवायची, तीन टाके सुईवर भरायचे आणि मगच ओढायची. दोरा कापडावर नुसता पडला पाहिजे, आवळता कामा नये. पुढे कधीतरी ‘मॅडम’चे ‘ताई’ झाले.

दर मी ठरवला होता. हे स्पष्ट लिहिते, कारण मंडळातल्या इतरजणी ते सांगणार नाहीत. हिशेबाची वही माझ्याकडे असते. एका गोधडीमागे दोरा आणि सुया ११० रुपये, धुणे आणि इस्त्री ६०, ने-आण ३०, शिलाई २५०. एकूण ४५०. उरलेले ४५० रुपये जीवदयेसाठी पांजरापोळाला. अर्धे खर्चाला आणि अर्धे दानाला. ताळेबंद पाहून मला समाधान वाटले होते. २५० रुपये कसे काढले, असे कोणी विचारले असते तर उत्तर नव्हते. तो आकडा ‘चालतो’ असे वाटले, एवढेच. मावशींनीही घासाघीस केली नाही. धागे कापण्यापेक्षा हे बरे, असे त्या म्हणाल्या, आणि मी तेच प्रमाणपत्र मानले.

चैत्रात, महावीर जन्मकल्याणकाच्या सुमारास, सव्वीस गोधड्या पोचत्या झाल्या. पुढच्या मागणीचा अंदाज बांधावा म्हणून मी मावशींना सहज म्हटले होते, एका गोधडीला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. मावशींना लिहिता येत नाही. त्यांनी नातीकडून कॅलेंडरवर खुणा करवून घेतल्या होत्या, दुधाचा हिशेब ठेवतात तशा. एका तासाला एक रेघ. ती पाने घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. त्यात ना तक्रार होती, ना मागणी. मी सांगितले म्हणून केले, इतकेच.

रात्री जेवणे आटोपल्यावर मी रेघा मोजल्या. एका गोधडीला बत्तीस तास. माझा विश्वास बसेना, म्हणून मी दुसऱ्या बाजूने पडताळा घेतला. गोधडी सहा फूट बाय चार फूट. दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर, म्हणजे ओळी चौसष्ट. चौसष्ट ओळी सहा फुटांच्या, म्हणजे ३८४ फूट शिलाई. एका इंचात दोन टाके धरले तर ९,२१६ टाके, आणि प्रत्येक टाका चार थरांतून. मावशींच्या नातीचा हिशेब बरोबर होता. बत्तीस तासांना २५० रुपये म्हणजे तासाला आठ रुपयेही नाहीत. नाक्यावरच्या टपरीवर कटिंग चहा दहा रुपयांना मिळतो.

शाखेत असताना मी बचत गटांच्या कर्जांची कितीतरी प्रकरणे हाताळली. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला, तो पुढे देशभर पसरला. त्यात माझाही खारीचा वाटा आहे, असे मी मानीत आले. प्रत्येक प्रस्तावात ‘सभासदांची मजुरी’ हा रकाना मी बारकाईने तपासत असे. आकडा कमी दिसला तर अर्ज परत पाठवी. इतरांच्या कागदावर जे दिसत होते, ते स्वतःच्या वहीत दिसले नाही.

पुढच्या बुधवारी मी वही सर्वांपुढे ठेवली. अपेक्षेहून जास्त गरमागरमी झाली. व्यापारी घरातल्या बायकांपुढे आकडे ठेवले की त्या गप्प बसत नाहीत, हे चांगलेच आहे. एकीचे म्हणणे, दर आधी ठरला होता, त्या राजीखुशीने आल्या. सौदा झाला तो झाला. दुसरी म्हणाली, आपण तरी कुठे मजुरी घेतली? मी म्हटले, आपण बुधवारी दोन तास हौसेने शिवतो. त्या रात्री अकरापर्यंत शिवतात. तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वयस्कर कच्छी बेन, ज्या सहसा बोलत नाहीत, सुई खाली ठेवून म्हणाल्या, “प्रतिक्रमणात आपण अतिभाराचा दोष म्हणतो. तो फक्त बैलाचाच असतो का?” पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत जास्त ओझे लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे दोन्ही येतात. आम्ही सर्वजणी ते वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो. आणि पांजरापोळाच्या सव्वीस पटी चारशे पन्नास, म्हणजे ११,७०० रुपयांची पावती माझ्याच वहीला टाचलेली होती.

हा प्रश्न आमच्यापुरता नाही. अहमदाबादेत गिरण्यांच्या चिंध्यांपासून रजईच्या खोळी शिवणाऱ्या बायकांची हकिकत अभ्यासकांना ठाऊक आहे. दरियापूरच्या गल्ल्यांतल्या, बहुतेक मुस्लिम, घराबाहेर न पडणाऱ्या या बायका. व्यापारी चिंध्या देत, बायका आपापल्या यंत्रांवर खोळी शिवून परत करीत आणि दर व्यापारीच ठरवी. इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापलेल्या ‘सेवा’ संघटनेने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना एकत्र आणून दरवाढ मागितली, तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांचे काम बंद झाले. मग संघटनेने स्वतः चिंध्या विकत घेऊन खोळी शिवायला आणि विकायला सुरुवात केली. त्यातून ‘सबिना’ ही बायकांची सहकारी संस्था उभी राहिली. अशा घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली संमत केला. भारताने त्यावर अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही. ही माहिती मला होती. पण ती वाचताना मी स्वतःला नेहमी ‘सेवा’च्या बाजूला उभी धरत आले होते. प्रत्यक्षात मी चिंधीवाल्या व्यापाऱ्याच्या जागी होते, आणि तोही नफा न घेणारा व्यापारी. असा व्यापारी स्वतःला जास्तच सहज माफ करतो.

शिलाईचा दर १,२०० रुपये करायचा, असे अखेर बहुमताने ठरले. तरी तासाला साडेसदतीस रुपयेच पडतात. उदार म्हणावा असा हा आकडा नाही. त्या हिशेबाने दुकानदाराला नगाला २,००० रुपये सांगितले. त्याने फोनवर हसून उरलेले चौदा नग रद्द केले. त्याचे मला वाईट वाटले नाही. त्याचाही हिशेब असेल.

मागची बाकी मात्र राहिलीच. सव्वीस नग, प्रत्येकी ९५० रुपये फरक, एकूण २४,७०० रुपये. एकदा दान दिलेले परत मागता येत नाही, यावर सर्वांचे एकमत झाले. मग ही रक्कम आमच्या खिशातून यायला हवी होती. चौघीजणींनी प्रत्येकी ६,१७५ रुपये दिले. दोघींनी सौद्याचा मुद्दा सोडला नाही. त्या अजून येतात, पण वहीची गोष्ट निघाली की चहा टाकायला उठतात. एकीने सांगितले की ती आपल्या वाट्याएवढी रक्कम पांजरापोळालाच देईल. तिने ती दिलीही. यावर काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही.

रोख न देता खात्यात भरू, असे मी सुचवले. मावशींचे खाते होते, पण दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसल्याने ते निष्क्रिय झाले होते. ते पुन्हा चालू करायला आम्ही दोघी दोनदा शाखेत गेलो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, अंगठा. काचेच्या पलीकडे बसायची सवय असलेल्या मला अलीकडच्या बाकावर पावणेदोन तास बसून राहावे लागले. मावशींनी पिशवीतून एक अर्धवट दुपटे काढले आणि शिवत बसल्या. आपला क्रमांक पुकारला तेव्हा त्यांनी आधी सुई कापडात नीट टोचून ठेवली आणि मगच त्या उठल्या. पैसे जमा झाल्याचे सांगितले, तेव्हा “हे कशाचं?” एवढेच त्यांनी विचारले. मी म्हटले, “सव्वीस गोधड्यांचे. माझा हिशेब चुकला होता.” त्या बराच वेळ पासबुकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्या मनात म्हणलंच हुतं, पर तुम्ही बँकेतल्या.”

हे वाक्य मला पुरून उरले आहे. माझ्या वहीवर त्यांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या कॅलेंडरवर ठेवला नाही.

आता मागण्या थोड्या येतात. महिन्याला एक किंवा दोन, बहुतेक आपल्याच घरांतून. देणारा आपली जुनी साडी आणून देतो, दर आधी ऐकतो, आणि काही वेळा परतही जातो. इतकी वर्षे कापड विकलेल्या एका काकांनी दर ऐकून विचारले, “एवढ्यात दोन नव्या ब्लँकेटी येतात की!” येतात, हे मी मान्य केले. दुसऱ्या आठवड्यात ते आपल्या दिवंगत पत्नीच्या पाच सुती साड्या घेऊन आले.

माझ्या कपाटात आईचे एक इरकली लुगडे एकोणीस वर्षे पडून आहे. मार्गशीर्षात नातवंड यायचे आहे, म्हणून परवा ते काढले. मावशींनी ते खिडकीपाशी नेऊन उजेडावर धरले आणि पोत कुठे विरला आहे ते बोटाने दाखवले. “ह्यो भाग आत घालू, मऊ हाय. काठ वर येऊ द्या. अन् पोरासाठी हाय तर वळी जवळ घेऊ, अर्ध्या अर्ध्या इंचावर.” म्हणजे टाके दीडपट. मी वही उघडून आधी नवा दर मांडला आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो नातीच्या मोबाइलवर पुन्हा एकदा करून पाहिला, मान डोलावली आणि कात्री मागितली.